निकालापर्यंत हात ओला करू नये

फोटो काढून झाल्यावर बिराजदार सरांचा हात प्रांजल हलकुडेच्या तोंडापाशीच राहिला आणि सर पुढच्या मुलाकडे गेले.

हात उजवा होता. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्या चिमटीत पेढा धरलेला होता. मनगटावर घड्याळ, करंगळीशेजारच्या बोटात पुष्कराजाची अंगठी, आणि मनगटाच्या मागे क्रीम रंगाच्या ब्लेझरची दोन बटणांची बाही. बाही कोपराच्या अलीकडे संपत होती. तिथे फाटलेलं, तुटलेलं काही नव्हतं, शिंप्याने टीप मारावी तशी कडा नीट दुमडलेली होती. प्रांजल डावीकडे वळली की हातही वळायचा, ती वाकली की हातही वाकायचा. ओठांपासून पेढ्याचं अंतर तेवढंच राहायचं.

क्लासची ही दरवर्षीची पद्धत होती. निकाल लागला त्याच तासाला चौकात फ्लेक्स चढला पाहिजे, नाहीतर समोरच्या क्लासचा आधी चढतो. म्हणून बारावीची आणि प्रवेश परीक्षेची धामधूम संपली की दोनशे बारा मुलांना एका दुपारी बोलावून घेत. पांढऱ्या पडद्यासमोर एकेकाला उभं करत, सर त्याला पेढा भरवत आणि फ्लेक्सवाला फोटो काढत. ज्यांना मार्क पडतील त्यांचे फोटो फ्लेक्सवर जात, बाकीचे पुसून टाकत. पेढा एकच असे.

"चावायचं नाही हं," ऑफिसातल्या मॅडम रांगेतल्या प्रत्येकाला सांगत होत्या. "नुसता ओठाला लावायचा. हसायचं. चावला तर मागच्यांनी काय करायचं?"

प्रांजलचा नंबर एकशे सत्तेचाळिसावा. पेढा तिच्यापर्यंत आला तेव्हा त्याचा रंग बदललेला होता. कडेला कुणाच्या तरी ओठांचं गुलाबी मलम लागलं होतं, मधल्या खळग्यात मिशीचा एक कोवळा केस होता. त्याला कांदाभजीचा, तापातल्या तोंडाचा, सुपारीचा आणि या सगळ्यांवर वेलदोड्याचा वास येत होता. सरांनी तो तिच्या ओठांना टेकवला, फोटो निघाला, हात तीन सेंटिमीटर मागे आला आणि तिथे थांबला. सर सरकले तेव्हा त्यांच्या अंगाला दोन्ही हात होते.

दारात मॅडमनी तिला एक छापील कागद दिला.

"हा हात?" प्रांजलने विचारलं.

"निकालापर्यंत तुमच्याकडंच. इथं सही करा."

कागदावर क्लासचा शिक्का होता आणि खाली सूचना होत्या. निकालापर्यंत हात ओला करू नये. पावडर लावण्यास हरकत नाही. नखे पालकांनी कापावीत. दुसऱ्या क्लासच्या हाताजवळ नेऊ नये. पेढा चावू नये. चावल्यास हातासह संपूर्ण खावा लागेल, अर्धवट सोडता येणार नाही.

घरी जाताना रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

"बिराजदार सरांचा का?"

"हो."

"चांगलाय. माझ्या भाचीला दुसऱ्या क्लासचा दिलाय, डावा. मी म्हणलं, डाव्या हातानं पेढा भरवतात का कुठं?"

पाटबंधारे खात्याच्या वसाहतीत, तळमजल्यावरच्या क्वार्टरमध्ये, आईने दार उघडलं आणि आधी हाताकडे पाहिलं, मग मुलीकडे. आत जाऊन करंडा आणला आणि हाताच्या पाठीवर कुंकवाचं बोट ओढलं. बाहीच्या मागच्या बाजूने आत डोकावून पाहिलं.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली.

"आई, याला वास येतोय."

"पेढ्याला वास येणारच की. तोंड वाकडं करू नकोस, असंच राहील."

पप्पांना, म्हणजे शिवराज हलकुड्यांना, फार आनंद झाला. ते कालवा निरीक्षक होते. रोज सकाळी आठ वाजता कालव्यातल्या पट्टीवरची पाण्याची पातळी वाचायची आणि वरच्या ऑफिसला कळवायची, हे काम त्यांनी तेवीस वर्षं केलं होतं. दुसऱ्या दिवशी कालव्यावर निघायच्या आधी ते स्टीलची पट्टी घेऊन प्रांजलच्या खुर्चीसमोर उकिडवे बसले. पट्टीचं एक टोक तिच्या खालच्या ओठाला लावलं, दुसरीकडे पेढ्याची कड पाहिली.

"तीन पूर्ण नाही. दोन पॉइंट नऊ."

"म्हणजे?"

"म्हणजे जवळ येऊलालाय." ते उठताना गुडघ्यावर हात टेकवून हसले. "चांगली गोष्ट आहे."

प्रांजल जेवायची ती बाजूने. मान कलती करून, चमचा गालाकडून आत सरकवून. वरणभात जमायचा, भाकरी जमायची नाही. तोंड फार उघडलं की हात पुढे यायला बघायचा, म्हणून ती दात न उघडता बोलायला शिकली. पहिले चार-पाच दिवस एवढाच त्रास होता. मग ऊन वाढलं आणि पेढ्याला घाम सुटला. तुपाचे बारीक थेंब त्याच्या पोटावर धरायचे, खळग्यात जमायचे आणि तिच्या हनुवटीवर पडायचे. हनुवटीवरून गळ्यावर. दुपारी ती जागी व्हायची तेव्हा मुंग्यांची एक रांग उशीवरून तिच्या मानेवर चढून, कानामागून, गालावरून हनुवटीशी आलेली असायची. हातालाही घाम यायचा. अंगठ्याची कातडी सुरकुतून पांढरी पडायची आणि पेढ्याला चिकटायची, सोडवली की चिकट आवाज व्हायचा. ती कूस बदलू शकत नव्हती, कारण कूस बदलली तरी हात समोरच असायचा, डोळ्यांच्या खाली, आणि श्वास घेतला की एकशे सेहेचाळीस तोंडं आत यायची.

बुधवारी सकाळी आईने हाताची नखं कापली. नखं पिवळट आणि जाड होती, कापताना उडत होती. एक प्रांजलच्या खालच्या ओठावर येऊन पडलं. आईने ते चिमटीने उचललं, बाकीच्यांबरोबर कागदात बांधलं आणि कागद कपाळाला लावला.

"आई, मला उलटी येते आहे."

"मग बेसिनपाशी बस. हातावर उडू देऊ नकोस."

प्रांजलला मासे आवडत होते. खायला नव्हे. हलकुड्यांच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं, आणि ताटात मासा ही गोष्ट तिलाही कल्पनेत आणता येत नव्हती. पण आठवीत असताना पप्पांबरोबर धरणावर गेली होती, तेव्हा तिथल्या रखमाजी भोयाने एक रोहू तिच्यासमोर चिरून दाखवला होता. आत पांढरा, दोन कप्प्यांचा, हवेने भरलेला फुगा होता. "ह्याच्यावर तो वर-खाली होतोय," रखमाजी म्हणाला होता. "हवा घेतली की वर. सोडली की खाली. दुसरं इंजिन नाही त्याला." तिने तो फुगा तळहातावर घेतला. तो थंड होता आणि स्वच्छ होता, आणि त्याला आधी कुणाचाही हात लागलेला नव्हता. त्या दिवसापासून तिला ते शिकायचं होतं.

समुद्राकाठच्या एका गावात मत्स्यशास्त्राचं कॉलेज होतं. घरापासून साडेचारशे किलोमीटर. क्लासने सगळ्या मुलांचे प्रवेशाचे फॉर्म स्वतःच भरले होते आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवले होते. त्यात प्रांजलच्या नावापुढे डॉक्टरकीची एकशे सहा कॉलेजं क्रमाने लिहिलेली होती. या कॉलेजचा फॉर्म वेगळा होता. तो तिने मोबाइलवर, गच्चीत वाळत घातलेल्या चादरींच्या मागे उभं राहून भरला होता. घरी कुणाला माहीत नव्हतं. फक्त निदाला माहीत होतं.

निदा शेख तिच्या बाकावर बसायची. तिला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. तिच्याही तोंडापुढे सरांचा हात होता. तिच्या अब्बूंनी त्याला घामाचा त्रास नको म्हणून पातळ मलमल गुंडाळली होती. दोघी वसाहतीच्या पाण्याच्या टाकीखाली सावलीत बसायच्या, दोन हात समोर, आणि दातांच्या फटीतून बोलायच्या.

"तुझा कितीवर आलाय?" निदाने विचारलं.

"दोन पॉइंट दोन. तुझा?"

"आमच्याकडं मोजत नाहीत. अम्मी नुसती म्हणते, जवळ आला, माशाअल्ला."

"निदा, याच्यात केस आहे एक."

"माझ्यात पण. तोच असणार. एकच पेढा होता ना." तिने हातावरची मलमल नीट केली. "खाऊन टाकावं वाटतं एकदाचं. संपेल तरी."

"सगळा खावा लागतो. हातासकट. कागदावर लिहिलंय."

"मग काय झालं? भूक पण लागलीय. तीन दिवस नुसतं ताक पितेय मी."

त्यानंतरच्या सोमवारी निदा आली तेव्हा तिच्या तोंडापुढे हात नव्हता. गाल भरलेले दिसत होते. दारातूनच वेलदोड्याचा वास आला. पुष्कराजाची अंगठी तिने गळ्यातल्या साखळीत ओवली होती.

"खाल्लास?" प्रांजलने विचारलं. "कसा होता?"

निदाने घसा खाकरला. सर शिकवायला सुरुवात करताना खाकरतात तसा, दोनदा.

"लक्षात घ्या," ती म्हणाली, "चित्रं काढणं हा छंद म्हणून चांगलाच आहे. पण आधी पाया पक्का पाहिजे. मी रिपीटर बॅचला नाव दिलंय. तुम्ही पण वेळ वाया घालवू नका."

"निदा, मला तुम्ही काय म्हणतेस?"

"लक्षात घ्या, प्रांजल," निदा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते तसंच डोळ्यांत राहिलं, आणि ती बोलत राहिली. वीस मिनिटं बोलली. जाताना तिने फळ्यावरचं पुसावं तसा हवेत हात फिरवला.

त्या दिवसापासून प्रांजलला जिभेचं टोकसुद्धा बाहेर काढायची भीती वाटू लागली.

निकाल अजून लागायचा होता, पण गुरुवारी प्रवेशाची तात्पुरती यादी जाहीर झाली. या यादीत फॉर्म भरलेल्या प्रत्येकाचं नाव असतं, अर्जांच्या क्रमाने लावलेलं, एवढाच तिचा अर्थ. प्रांजलचं नाव एक लाख चौदा हजार सहाशे तेहतिसाव्या ओळीत होतं. पप्पांनी ऑफिसातल्या संगणकावर ते शोधलं. नाव, आडनाव, जन्मतारीख, सगळं बरोबर होतं. त्यांनी खुर्ची मागे सारली आणि म्हणाले, "यादीत नाव आलं!"

दहा मिनिटांत पूर्ण ऑफिसला कळलं. अर्ध्या तासात वसाहतीला. संध्याकाळी पाच वाजता उदगीरहून आत्याचा फोन आला की ती निघाली आहे.

"पप्पा, ती सगळ्यांची यादी आहे," प्रांजल दातांतून म्हणाली. "सगळ्यांचीच नावं असतात त्याच्यात."

"सगळ्यांची कशी असतील? मग यादी कशाला म्हणतील?"

"सरांना विचारा."

पप्पांनी सरांना फोन लावला, स्पीकरवर. "लक्षात घ्या, हलकुडे साहेब," सर म्हणाले, "यादी ती यादीच. अभिनंदन." फोनमधून सर बोलत होते तेव्हा तिच्यासमोरचा अंगठा थोडा हलला, ओळखीचा आवाज ऐकल्यासारखा.

शुक्रवारी आत्या आली. सुशीला आत्या बसस्टँडवरून थेट आली, चपला काढायच्या आधी तिने डबा उघडला.

"आ कर माझी बाई."

"आत्या, जागा नाहीये."

"मायेला काय जागा लागतीय? आ कर." तिने सरांच्या हाताच्या खालून आपला हात घातला, पेढा प्रांजलच्या ओठांजवळ नेला, मग हात तिथेच ठेवून मोरीकडे पाय धुवायला गेली. दोन्ही हातांनी तिने पाय धुतले. प्रांजलसमोर ठेवलेल्या हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि तळव्याला बसच्या दांड्याचा लोखंडी वास होता.

तिच्यामागून वरच्या मजल्यावरच्या सोनटक्के काकू आल्या. नंतर ज्युनियर कॉलेजचे प्राचार्य आले. क्लासची मुलं नावापुरती त्यांच्या कॉलेजात होती, वर्गात बसत नव्हती, त्यामुळे प्रांजलने त्यांना दोन वर्षांत दोनदाच पाहिलं होतं. "आमची विद्यार्थिनी," ते म्हणाले आणि त्यांनी हात ठेवला. त्यांच्याबरोबर वॉर्डाचे नगरसेवक होते. त्यांचा हात सगळ्यांत जड होता, त्याने बाकीच्यांना कोपराने थोडं बाजूला सारलं आणि मधली जागा घेतली. शनिवारी संध्याकाळपर्यंत पाच हात झाले. ते एकमेकांना चिकटून कमळासारखे गोल बसले होते, मध्ये पाच पेढे, आणि त्यांच्या पलीकडचं जग तिला फक्त बोटांच्या फटीतून दिसायचं. एका फटीत पंखा. एकीत दिनदर्शिका. एकीत आई.

रविवारी पप्पांनी पट्टी लावली आणि बाजूला ठेवली.

"शून्य," ते म्हणाले. "टेकला."

सरांचा पेढा आता तिच्या ओठांवर दाबलेला होता. बोलायला तोंड उघडणं म्हणजे तो आत घेणं. ती बोलायची थांबली. नाकाने श्वास घ्यायची, आणि काही हवं असेल तर वहीत लिहायची. आईने पहिल्या दिवशी वही वाचली, दुसऱ्या दिवशी तिला वेळ झाला नाही. घरात पाहुणे होते.

सोमवारी दुपारी मोबाइलवर मेसेज आला. फटीतून तिने तो वाचला. समुद्राकाठच्या कॉलेजातली एक जागा रिकामी झाली होती. बुधवारी दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान कार्यालयातून फोन येईल. उमेदवाराने स्वतः आपलं पूर्ण नाव सांगून प्रवेश घेणार असल्याचं कळवावं. पालकांचं किंवा इतरांचं बोलणं ग्राह्य धरलं जाणार नाही. तीन वेळा उत्तर न मिळाल्यास जागा पुढच्या उमेदवाराला दिली जाईल.

तिने मेसेज अकरा वेळा वाचला. मग वहीत लिहिलं, 'पप्पा, मला बुधवारी दोन मिनिटं तोंड मोकळं हवं आहे,' आणि वही पप्पांपुढे धरली.

पप्पांनी चष्मा लावून वाचलं. "कशाला?"

तिने खाली लिहिलं, 'एका कॉलेजचा फोन आहे. माशांचं.'

आत्याने मान लांब करून वाचलं. "कशाचं?"

"मासे," पप्पा म्हणाले.

"शी!" आत्याने पदर नाकाला लावला. "अगं, काय घाण ते! वास जातो का तो हाताचा? पोरगी डॉक्टर होऊलालीय आणि मधीच मासे कुठून आले?"

"उष्णता चढलीय तिला," आई म्हणाली. "उन्हाचं होतं असं."

पप्पांनी वही मिटली आणि तिच्या मांडीवर ठेवली. ते रागावले नव्हते. त्यांनी तिच्या केसांवरच्या दोन मुंग्या टिपून काढल्या. "हात असे मधेच काढता येत नाहीत, बाळा," ते समजुतीने म्हणाले. "थोडे दिवस राहिलेत."

बुधवारी बाराला प्रांजल मोबाइल हातात घेऊन मधल्या खोलीत पलंगावर बसली. बाहेरच्या खोलीत पाहुणे शिरा खात होते. खोलीची भिंत सकाळपासून पलंगाजवळ आली होती. तिची पाठ एका भिंतीला आणि गुडघे दुसऱ्या भिंतीला लागत होते. तिथे वाऱ्याला जागा नव्हती. पाच हातांचा घाम तिच्या मानेवरून ओघळत पाठीत जात होता.

बारा वीसला फोन वाजला.

"नमस्कार. प्रांजल शिवराज हलकुडे बोलतायत का?" बाईंचा आवाज होता. त्यांच्या मागे कुठेतरी बोटीचा भोंगा वाजला.

"म्म्," प्रांजल म्हणाली. "म्म्म्."

"हॅलो? आवाज येत नाहीये. थोड्या वेळाने करते."

ती उठली. भिंतींमधून आडवी होऊन मोरीत गेली, नळ सोडला आणि डोकं खाली धरलं. पाणी पाचही हातांवर पडलं. वाटलं होतं ते विरघळतील. ते फुगले. बोटं दुधात भिजलेल्या पावासारखी जाड झाली आणि त्यांच्यातल्या फटी बंद झाल्या. पेढे भिजून एकमेकांत मिसळले आणि त्यांचा एक गोळा झाला. त्याचा आंबूस वास तिच्या नाकात शिरला आणि तिथेच बसला. आता तिला काहीच दिसत नव्हतं.

बारा पन्नासला फोन वाजला. तिने अंदाजाने बटण दाबलं. बाईंनी तिचं नाव दोनदा घेतलं. तिने पाय आपटले, पलंगाच्या लोखंडावर बांगडी वाजवली.

"काहीतरी वाजतंय," बाई मागच्या कुणाला तरी म्हणाल्या. मग फोन ठेवला.

ती बसून राहिली. बाहेर आत्या हसत होती. कुणीतरी आणखी शिरा मागितला. प्रांजलला निदाची आठवण झाली, डोळ्यांत तसंच थांबलेलं पाणी आणि तोंडातून चाललेली वीस मिनिटं. सगळं खाऊन तोंड मोकळं झालं तर त्या तोंडातून कोण बोलेल, हे तिला माहीत नव्हतं. पण बंद तोंडातून कुणीच बोलणार नव्हतं, हे नक्की होतं.

एक पस्तीसला फोन तिसऱ्यांदा वाजला. तिने तो उचलला, बाजूला पलंगावर ठेवला, तोंड उघडलं आणि चावली.

पेढ्यांचा गोळा आत गेला. मागोमाग अंगठा. अंगठ्यात हाड नव्हतं. नखापासून मनगटापर्यंत आत नुसता खवा होता, दाणेदार, कोमट, खूप दिवस झाकून ठेवलेला. केस जिभेवर आला. मलमाची गुलाबी चव आली, भजीची आली, ताप आला, सुपारी आली. तिला ओकारी आली आणि ती तिने खव्याबरोबरच खाली ढकलली. अंगठी दाताखाली आली, ती थुंकली. घड्याळ थुंकलं. बाही कापडाची नव्हती, सायीची होती. ती ओढून ओढून खाल्ली. मग नगरसेवकांचा हात, तो कडेने खवट होता. प्राचार्यांचा आत पोकळ होता. काकूंच्या हाताला फोडणीचा वास होता. आत्याच्या बांगड्या दातांत कडकडल्या आणि साखरेच्या निघाल्या.

"हॅलो?" पलंगावरून आवाज आला. "प्रांजल? घाई करत नाही मी, पण माझ्यापुढे यादी आहे."

आई दारात आली. तिने तोंडावर हात घेतला.

"अहो," ती ओरडली, "खाल्लं! खाल्लं तिनं! इकडं या!"

दारात गर्दी झाली. आत्याने बोटं मोडली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. प्रांजलने शेवटचा घास गिळला. किती दिवसांनी तिच्या ओठांना नुसती हवा लागली. तिने फोन उचलला. घशात एक वाक्य आपोआप वर येत होतं, ते 'लक्षात घ्या'ने सुरू होत होतं. तिने ते दाबून धरलं. त्याच्याखाली, बरंच खाली, तिचं स्वतःचं नाव होतं. ती ते वर आणू लागली.

"प्रांजल," ती म्हणाली. आवाज तिचाच होता.

"हां, बोला," बाई म्हणाल्या. "पूर्ण नाव?"

गर्दीतून पप्पा पुढे आले. त्यांनी ताटातला एक पेढा उचलला होता. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते.

"सगळ्यांचं खाल्लंस," ते म्हणाले. "एक माझ्या हातचा."

हा हात खांद्यापासून आलेला होता. त्याच्या तर्जनीचं नख कालव्याच्या दारात चेंगरून काळं पडलं होतं, आणि त्याला ग्रीसचा, साबणाचा वास होता. प्रांजलने मान मागे घेतली. मागे भिंत होती. तिने मान हलवली, नाही नाही म्हणून. पप्पांनी ते लाजणं समजून मायेने मान डोलावली आणि पेढा तिच्या उघड्या तोंडात, शिवराज म्हणण्यासाठी उघडलेल्या तोंडात, अंगठ्याने आत सारला.

"ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "शेवटचं विचारते. प्रवेश घेणार का?"

प्रांजलने दात मिटले. आत हाड होतं.

पप्पांनी हात मागे घेतला नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला, पण ते हसतच होते, आणि त्यांचा दुसरा हात तिच्या डोक्यावरून फिरत होता, केसांच्या दिशेने, हळूहळू, लहानपणी ताप आला की फिरायचा तसा.

"मी थांबलेय," फोनमधून आवाज आला.

प्रांजलने आणखी जोर लावला.